इंग्लंडमधली गाडी युरोपात नेताना: काचेवर, डिकीत आणि हाताशी काय असावे

रेडिंगमधील एका मराठी गृहस्थांनी विचारले आहे की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते आपली सात वर्षांची पेट्रोल गाडी फोकस्टनहून, समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी नेणाऱ्या रेल्वेने, फ्रान्समधील कॅलेला नेणार आहेत. तेथून रॅंस, स्ट्रासबुर्ग, बाझल आणि इंटरलाकेन करून ते इन्सब्रुक व म्युनिकला जातील आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परततील. गाडीत पती-पत्नी, सात आणि अकरा वर्षांच्या दोन मुली आणि पुण्याहून आलेले सासरे अशी पाच माणसे असतील. त्यांनी ऑनलाइन एक ‘युरोप किट’ मागवले आहे. त्यात लाल त्रिकोण, एक चमकते जाकीट, हेडलाइटवर लावायचे स्टिकर, जीबी अक्षरांचा स्टिकर, बल्बची डबी, मद्य तपासण्याच्या दोन नळ्या आणि प्रथमोपचाराची एक लहानशी पिशवी आहे. कायद्याने आणखी काय लागते आणि एवढ्यावर निर्धास्त निघता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

इंग्लंडमधील वाहन-कार्यशाळेत वार्षिक तपासणीचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि आल्प्सच्या रस्त्यांवर स्वतःची गाडीही अनेकदा नेली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अशा किटमधील एक-दोन वस्तू कालबाह्य असतात, एक-दोन अपुऱ्या असतात, आणि ज्यांवर प्रवासाची सुरक्षितता खरोखर अवलंबून असते ते टायर, दिवे आणि कागद कोणत्याही पिशवीत येत नाहीत. म्हणून मी पिशवीपासून सुरुवात न करता गाडीपासून करतो.

सर्वांत आधी हेडलाइट, कारण याच बाबतीत सर्वाधिक गैरसमज आढळतात. इंग्लंडमध्ये, आणि आपल्याकडे महाराष्ट्रातही, वाहने डावीकडून चालतात. म्हणून डिपरचा झोत सरळ सपाट नसतो. तो डाव्या बाजूला थोडा वर चढवलेला असतो, जेणेकरून रस्त्याची कड, पादचारी आणि पाट्या दिसाव्यात आणि समोरून उजवीकडे येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडू नये. हीच गाडी कॅलेला उतरून रस्त्याच्या उजव्या बाजूने धावू लागली की तो वर चढलेला झोत नेमका समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत जातो आणि आपल्या बाजूची कड मात्र अंधारात राहते. ‘आम्ही रात्री गाडी चालवणारच नाही’ हे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे. परंतु स्वित्झर्लंडमध्ये 2014 पासून दिवसाही दिवे लावून गाडी चालवणे सक्तीचे आहे आणि आपल्या मार्गावर बोगद्यांची कमतरता नाही.

उपाय गाडीनुसार बदलतो. काही नव्या एलईडी दिव्यांमध्ये पडद्यावरील सेटिंगमधून ‘उजवीकडून वाहतूक’ अशी निवड करता येते, काहींमध्ये दिव्याच्या मागे एक लहान खिट्टी असते, तर काहींचा झोत मुळातच दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि त्यांना काहीच करावे लागत नाही. म्हणून स्टिकर चिकटवण्यापूर्वी गाडीचे माहितीपुस्तक उघडून पाहावे. स्टिकरच लागणार असतील, तर निघण्यापूर्वीच्या संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून सुमारे पाच मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा आणि झोताची वरची कडा खडूने भिंतीवर आखून घ्यावी. मग आपल्या मॉडेलच्या आकृतीप्रमाणे स्टिकर लावून डावीकडचा चढ खरोखर नाहीसा झाला का, हे पाहावे. फोकस्टनच्या रांगेत उभे राहून अंदाजाने लावलेले स्टिकर बहुतेक वेळा चुकीच्या जागी बसतात. मी असे कितीतरी दिवे पाहिले आहेत. डिकी भरल्यावर गाडीचे नाक वर उचलले जाते आणि झोतही वर जातो, हे लक्षात घेऊन डॅशबोर्डवर दिव्यांची उंची बदलणारी चकती असल्यास तिने झोत भाराप्रमाणे खाली आणावा. ही चकती बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षे शून्यावरच राहते.

आता टायर. आपला प्रवास मार्च-एप्रिलचा आहे, म्हणजे रेडिंगमध्ये डॅफोडिल फुललेले असतील. पण ऑस्ट्रियाच्या कायद्यात हिवाळा 1 नोव्हेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत धरला जातो. या काळात रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेले पाणी असेल तर चारही चाकांना हिवाळी टायर असणे बंधनकारक आहे आणि त्यांच्या खाचा किमान 4 मिलिमीटर खोल असाव्या लागतात. इंग्लंडमधील किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. म्हणजे येथील तपासणीत निर्वेध उत्तीर्ण झालेला टायर इन्सब्रुकच्या बर्फात बेकायदा ठरू शकतो. जर्मनीत ठरावीक तारखा नाहीत, परिस्थिती हिवाळी असली की नियम लागू होतो. तेथे ऑक्टोबर 2024 पासून टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह असावेच लागते. केवळ ‘एम आणि एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे पुरत नाहीत. फ्रान्समध्ये डोंगराळ भागातील निवडक गावांच्या हद्दीत 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात असे टायर किंवा डिकीत साखळ्या असाव्या लागतात. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही, परंतु अयोग्य टायरमुळे वाहतूक अडली किंवा अपघात झाला तर जबाबदारी चालकावर येते, आणि निळ्या वर्तुळात साखळी लावलेल्या चाकाचे चित्र असलेली पाटी दिसली की पुढे साखळ्यांशिवाय जाता येत नाही.

इंग्लंडमधील बहुतेक गाड्यांना उन्हाळी टायर असतात आणि ते थंडीत कडक पडतात. आपल्या प्रवासासाठी माझा सल्ला असा की टायर तसेही बदलायला आले असतील तर त्यांच्या जागी ते हिमकणाचे चिन्ह असलेले बारमाही टायर बसवावेत. चिन्ह असेल तर ते वर सांगितलेल्या देशांत हिवाळी टायर म्हणून चालतात आणि परत आल्यावर काढावेही लागत नाहीत. साखळ्या घेतल्याच तर एकदा घराच्या अंगणात हातमोजे घालून त्या चढवून-उतरवून पाहाव्यात. घाटात, अंधारात, बोटे बधिर झालेली असताना सूचनापत्रक वाचण्याची वेळ येऊ नये. पाच माणसे आणि सामान असताना टायरमध्ये किती हवा हवी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. नेहमीचा आकडा आणि पूर्ण भाराचा आकडा वेगवेगळा असतो, आणि महामार्गावर तासन्‌तास भरलेली गाडी पळवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

याच ठिकाणी स्टेपनीचा विचार करावा. आपण मराठीत सहज वापरतो तो हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथील डेव्हिस बंधू जादा चाके बनवून विकत असत. आज मात्र त्याच देशात विकल्या जाणाऱ्या कित्येक नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त फेस भरण्याची बाटली आणि लहान पंप असतो. टायरच्या बाजूची भिंत चिरली तर या बाटलीचा काहीही उपयोग होत नाही. आपली डिकी उघडून तळ उचलून पाहा. चाकाची जागा रिकामी असेल, तर प्रवासापुरते बारीक जादा चाक, जॅक आणि पाना मिळवावा, आणि चाकाला चोरीविरोधी बोल्ट असल्यास त्याची चावी कोठे आहे हे निघण्यापूर्वी शोधून ठेवावे.

आता आपल्या पिशवीकडे येतो. जीबीचा स्टिकर टाकून द्यावा. 28 सप्टेंबर 2021 पासून ब्रिटिश गाड्यांसाठी यूके ही अक्षरे लागतात आणि जुना स्टिकर काचेवर असेल तर तो झाकावा किंवा काढावा लागतो. आपल्या नंबर प्लेटवरच ब्रिटिश ध्वजाच्या बाजूला यूके लिहिलेले असेल, तर आपल्या मार्गावरील देशांत वेगळा स्टिकर लागत नाही. पुढे कधी स्पेनला गेलात तर मात्र प्लेट कशीही असली तरी स्टिकर लावावा. प्लेटवर युरोपीय ताऱ्यांचे वर्तुळ असेल तर ती चालत नाही, स्टिकर लागतोच. मद्य तपासण्याच्या नळ्यांचा नियम फ्रान्सने 2012 मध्ये आणला होता, पण त्यासाठी दंड कधी प्रत्यक्ष लागू झाला नाही आणि 2020 मध्ये तो नियमच रद्द झाला. नळ्या बाळगल्याने अपाय नाही, इतकेच. बल्बची डबी आपल्या गाडीत एलईडी दिवे असतील तर निरुपयोगी आहे.

जाकिटाच्या बाबतीत एक पुरेसे नाही. फ्रान्समध्ये लाल त्रिकोण आणि चमकते जाकीट 2008 पासून सक्तीचे आहे, आणि जाकीट चालकाच्या हाताशी असले पाहिजे. डिकीत सामानाखाली दडलेले जाकीट असून नसल्यासारखे आहे. कारण सरळ आहे: ते गाडीतून पाऊल बाहेर टाकण्याआधी अंगात घालायचे असते. आपण पाच जाकिटे घ्यावीत, त्यांतील दोन मुलींच्या मापाची, आणि ती दारांच्या कप्प्यांत व आसनांच्या खिशांत विभागून ठेवावीत. त्रिकोण साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे किमान 30 मीटरवर ठेवतात. महामार्गावर तो ठेवायला चालत जाणे जिवावर बेतण्यासारखे असेल तर जाऊ नये. गाडी बंद पडल्यावर धोक्याचे दिवे लावून सर्वांनी रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरावे आणि कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. इंग्लंडच्या गाडीत चालक उजवीकडे बसतो आणि फ्रान्समध्ये उजवी बाजूच कडेची असते, त्यामुळे आपण स्वतः सुरक्षित बाजूला उतराल. डावीकडे बसलेल्यांना मात्र आतून सरकून उजवीकडूनच उतरायला आधीच शिकवून ठेवावे. मुलींसोबत हे एकदा घरासमोर करून पाहावे.

फ्रान्सच्या टोलच्या महामार्गांवर आपल्या विमा कंपनीचा मदत-ट्रक येऊ शकत नाही. कडेच्या केशरी फोनवरून किंवा 112 वरून कळवल्यावर तेथील अधिकृत वाहनच गाडी ओढून बाहेर काढते आणि त्याचे दर ठरलेले असतात. ती पावती जपून ठेवावी, कारण युरोपातील मदतीचा विमा असेल तर ती रक्कम बहुधा नंतर मागता येते.

प्रथमोपचाराची पेटी ऑस्ट्रियात गाडीत असावी लागते आणि ती धूळ व घाण आत जाऊ न देणारी असावी लागते. किटमधील चार पट्ट्या आणि एक कात्री यांना पेटी म्हणता येणार नाही. जर्मनीत गाड्यांसाठी डीआयएन 13164 हे मानक आहे. त्या मानकाची पेटी घेतली की सर्वत्र निश्चिंत राहता येते.

मुलींच्या आसनांबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आपण त्याविषयी विचारलेले नाही. इंग्लंडमध्ये मूल 12 वर्षांचे किंवा 135 सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला योग्य आसन लागते. फ्रान्समध्ये ही अट 10 वर्षांपर्यंत आहे आणि 10 वर्षांखालील मुलाने मागेच बसायचे असते. ऑस्ट्रियात मर्यादा 135 सेंटिमीटर आहे, परंतु स्वित्झर्लंड आणि जर्मनीत ती 12 वर्षे किंवा 150 सेंटिमीटर आहे. आपली अकरा वर्षांची मुलगी समजा 140 सेंटिमीटर उंच असेल, तर रेडिंग ते स्ट्रासबुर्ग ती कायद्याने साध्या आसनावर बसू शकते, बाझलची सीमा ओलांडताच तिला उंची वाढवणारे आसन लागते, इन्सब्रुकमध्ये पुन्हा लागत नाही आणि म्युनिकमध्ये परत लागते. कायद्याच्या या खेळात न पडता आसन संपूर्ण प्रवासभर बसवलेले असू द्यावे, कारण पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून जावा हा त्यामागचा हेतू देश बदलला तरी बदलत नाही. मागच्या सीटवर दोन आसने आणि मध्ये किंवा शेजारी सासरे, असे तिघे नीट मावतात का आणि प्रत्येकाचे बक्कल हाताला लागते का, हेही आधी बसवून पाहावे.

कागदांत गाडीचे मूळ लॉगबुक (नोंदणीपत्र), विम्याचे प्रमाणपत्र आणि फोटो असलेले लायसन्स एवढे हवे. गाडीचा रस्ता-कर आणि वार्षिक तपासणी परदेशी असतानाही चालू असावी लागते. तपासणीची मुदत प्रवासाच्या मध्यावर संपत नाही ना, हे बघावे. ग्रीन कार्डची (परदेशातील विम्याच्या पुराव्याची) गरज 2 ऑगस्ट 2021 पासून आपल्या मार्गावरील देशांत राहिलेली नाही. मात्र ब्रिटिश पॉलिसीचे सर्वसमावेशक संरक्षण सीमेपलीकडे आपोआप लागू राहते असे समजू नये. अनेक पॉलिसी परदेशात केवळ तिऱ्हाईताच्या नुकसानीपुरत्या उरतात किंवा दिवसांची मर्यादा घालतात. गाडी भाडेपट्ट्याची किंवा कंपनीची असेल, तर लॉगबुकऐवजी व्हीई103 हे प्रमाणपत्र मालकाकडून मागवावे लागते आणि त्याला काही दिवस लागतात.

सासऱ्यांनी पुण्याहून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणला आहे आणि मधूनमधून ते गाडी चालवतील, असे आपण लिहिले आहे. तो परवाना म्हणजे चालवण्याची पात्रता. तो विमा नव्हे. पॉलिसीत त्यांचे नाव लेखी समाविष्ट झाल्याशिवाय त्यांच्या हाती चाक देऊ नये. आपल्या पत्नीने गेल्या वर्षी ब्रिटिश लायसन्स घेतले आहे. भारतीय लायसन्स येथे थेट बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे पंधरा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाच्या लायसन्सवरही तारीख नवीच पडते. फ्रान्समध्ये तीन वर्षांपेक्षा कमी काळाचे लायसन्स असलेल्या चालकासाठी महामार्गावरची मर्यादा 130 ऐवजी 110 किलोमीटर असते आणि मद्याची मर्यादाही कडक, 0.5 ऐवजी 0.2 ग्रॅम प्रतिलिटर असते. त्यांनी 110 धरून चालावे, त्यात वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नये. गाडीचा वेगमापक मैलांत असेल तर पडद्यावर किलोमीटर निवडावे. जुन्या तबकडीवर किलोमीटरचे आकडे आतल्या ओळीत बारीक असतात आणि ते पाहण्याची सवय आधीच करून घ्यावी.

काचेवर काय लागते ते थोडक्यात सांगतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी 40 फ्रॅंकचे वार्षिक व्हिन्येट, म्हणजे टोल भरल्याचा स्टिकर, लागते. एका दिवसाचे मिळत नाही. ते नसल्यास 200 फ्रॅंक दंड आणि व्हिन्येटची किंमत वेगळी. 2023 पासून ते नंबर प्लेटशी जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळते आणि आपल्यासाठी तेच सोयीचे. ऑस्ट्रियाचे एक दिवसाचे किंवा दहा दिवसांचे घेता येते, पण आर्लबर्ग बोगद्याचा टोल त्यात धरलेला नाही. म्युनिकच्या पर्यावरण क्षेत्रात हिरवा स्टिकर लागतो आणि तो नसल्यास 100 युरो दंड होतो. फ्रान्सच्या शहरांसाठी गाडीचा प्रदूषण-वर्ग दाखवणारा क्रिटएअर नावाचा स्टिकर आहे. त्याविषयीचे नियम शहरानुसार वेगळे आहेत आणि बदलतही आहेत, म्हणून रॅंस किंवा स्ट्रासबुर्ग शहरात थांबणार असाल तर त्या आठवड्याचा नियम पाहून फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच मागवावा. मधले विक्रेते त्याच काही युरोंच्या स्टिकरचे अनेक पट पैसे घेतात. टपालाने यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम फेब्रुवारीतच उरकावे. फ्रेंच टोल नाक्याची खिडकी आपल्या गाडीच्या डाव्या बाजूला येईल, म्हणून कार्ड डावीकडे बसणाऱ्याकडे द्यावे.

गाडीत काय नसावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. स्पीड कॅमेरा आधी सांगणारी यंत्रणा फ्रान्समध्ये निषिद्ध आहे आणि दंड 1500 युरोंपर्यंत जाऊ शकतो. स्वित्झर्लंडही यात तितकाच कठोर आहे आणि जर्मनीत चालकाने ती वापरू नये. फोनमधील नकाशाचे व गाडीतील नॅव्हिगेशनचे कॅमेऱ्याचे इशारे कॅलेपूर्वीच बंद करावेत. ऑस्ट्रियात डॅशकॅम काढून ठेवावा. कानात इअरफोन घालून गाडी चालवणे फ्रान्समध्ये 2015 पासून बंद आहे. पेट्रोलने भरलेला जादा कॅन बोगद्याच्या गाडीत नेता येत नाही, आणि टपावर सामानाची पेटी लावून गाडीची उंची 1.85 मीटरच्या वर जात असेल तर ती आरक्षणातच सांगावी लागते, कारण अशा गाड्यांचे डबे वेगळे असतात. डिकीतल्या खाऊत चकली आणि चिवडा चालेल, पण घरचे तूप, पनीर आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, आणि फ्रेंच तपासणी फोकस्टनलाच होते.

पंपावर एक चूक फार महाग पडते: फ्रेंच ‘गाझॉल’ म्हणजे डिझेल. नावावर न जाता नळीवरील चिन्ह पाहावे. गोलात ई5 किंवा ई10 असेल तर पेट्रोल, चौकोनात बी7 असेल तर डिझेल.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात महामार्गावर वाहतूक थांबू लागली की सर्वांत डाव्या लेनने डावीकडे आणि उरलेल्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायची असते, आणि ती वाहतूक पूर्ण थांबण्यापूर्वी करायची असते. आपली गाडी उजव्या चाकाची असल्याने डावीकडे किती जागा उरली आहे याचा अंदाज चुकतो. डाव्या आरशाच्या वरच्या कोपऱ्यात एक लहान बहिर्गोल आरसा चिकटवला तर तो या वेळी आणि ट्रकला ओलांडतानाही उपयोगी पडतो. मी स्वतः त्याशिवाय निघत नाही.

परतीच्या दिवशी फोकस्टनला उतरल्यावर पहिल्याच थांब्यावर हेडलाइटचे स्टिकर काढावेत किंवा सेटिंग पुन्हा डावीकडच्या वाहतुकीचे करावे, वेगमापक मैलांवर आणावा, आणि सामान उतरवल्यावर दिव्यांच्या उंचीची चकती व टायरमधील हवा नेहमीच्या आकड्यावर आणावी.